सासूबाईंचं नाक

माझ्या सासूबाई पोती हुंगायच्या. हे ऐकून लोक हसतात. मीही हसले होते. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं होतं की मुलाची आई भातगिरणीत तपासणीच्या कामावर आहे. मला वाटलं, चष्मा लावून टेबलाशी बसत असतील. लग्नानंतर गिरणीत गेले, तर बाई गोदामाच्या दारात एका लाकडी खोक्यावर बसलेल्या, समोर रिकाम्या पोत्यांचा डोंगर, आणि एकेका पोत्याचं तोंड उघडून त्यात चक्क नाक खुपसतायत. मनात आलं, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची खोड बाईंना इथूनच लागली असणार. तोवर सासरी आठवडा झाला होता आणि त्या खोडीचा मला पुरेसा अनुभव आला होता.

आमच्या जिल्ह्याचा सगळा संसार पोत्यांतून चालतो. वरच्या अंगाला भातशेती, उतारावर काजू आणि नारळ, खाली खाडीच्या कडेने मिठागरं आणि किनाऱ्याला मासळी वाळवायची यार्डं. कारखाने आहेत, पण तेही यांच्याच पोटी जन्मलेले. भातगिरण्या, काजू फोडायच्या शेड, खोबऱ्याचे घाणे, काथ्याचे दोर वळायच्या लांबलचक पडव्या, आणि आमचे हे जिथे कामाला आहेत तो बर्फाचा कारखाना. बर्फ सोडला तर बाकी सगळं पोत्यात शिरतं आणि ट्रकवर चढतं. आता पोती काही कोणी कोरी करकरीत घेत नाही. बाहेरून धान्य भरून आलेलं पोतं इथे रिकामं झालं की त्याचा खरा जन्म सुरू होतो. आधी त्यात तांदूळ भरतात. जरा मळलं की काजू. मग खोबरं, मग मीठ, आणि सगळ्यात शेवटी सुकी मासळी. पोतं खाली उतरतं, वर चढत नाही, हा इथला नियम. माणसं गरिबीतून वर आल्याची उदाहरणं आहेत, पण मासळीचं पोतं इमानाने तांदळापर्यंत चढल्याचं एकही नाही.

चढवायला बघणारे बारदानवाले मात्र पुष्कळ. जुन्या पोत्यांचा धंदा करणारी ही माणसं मासळीचं पोतं धुणार, उन्हात टाकणार आणि तांदळाचं म्हणून गिरणीच्या गळ्यात मारणार. तांदूळ हे भारी हलकट धान्य आहे. शेजाऱ्याचा वास लगेच उचलतं. एका पोत्यातून मासळीचा वास आला की घेणारा ट्रकच्या ट्रक परत पाठवतो, आणि गिरणीचं नाव जातं ते निराळंच. म्हणून गोदामाच्या दारात सासूबाई. पोत्याचं तोंड उघडायचं, चेहरा आत, एक श्वास, आणि पोतं आपापल्या ढिगावर. "काजू." "खोबरं, तेही खवट." "यात साबण भरला होता कुणीतरी, पलीकडे टाका." हात थांबायचा नाही. गिरणीत त्यांना सगळे नाकवाल्या काकू म्हणायचे. बारदानवाले पाठीमागे काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही.

घरातही तेच. अंगणात बसून सांगायच्या, "दूध बघ गं," आणि मी धावत जावं तर दूध नुकतं वर यायला लागलेलं असायचं. मी तिखट जास्त घातलं तर दारातूनच ओळखायच्या. या नाकाने मला जे नाकी नऊ आणलेत ते मी एखाद्या दिवशी सांगेन. पण खरी गंमत अशी की या नाकाचा संसार झाला तो मासळीच्या यार्डातल्या माणसाशी. सासरे उभा जन्म मासळी वाळवण्यात घालवलेले. लग्नाच्या वेळी माहेरचे म्हणाले, तुला साध्या पोत्याचा वास सहन होत नाही, या माणसाबरोबर राहणार कशी? तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "वास धुता येतो, स्वभाव धुता येत नाही." सासऱ्यांचा स्वभाव खरोखर धुतल्या तांदळासारखा. त्यांना स्वतःला मासळीचा वास येतच नसे. "कसला वास?" असं इतक्या भाबडेपणाने विचारायचे की हसू आवरत नसे. संध्याकाळी ते मागच्या दाराशी आले की आतून हुकूम यायचा, "आधी नळ." परसातल्या नळाखाली अंघोळ झाल्याशिवाय घरात पाऊल नाही. कधी कंटाळा करून पाय न वाजवता आत शिरू पाहिलं, तरी पुढच्या खोलीतून आवाज यायचाच.

मग तो ताप आला. जिल्हाभर आला, घरोघर माणसं अंथरुणाला खिळली. सासूबाई बऱ्याच दिवसांनी उठल्या, वाळल्या होत्या, पण जेवायला लागल्या, बडबडायला लागल्या, माझ्या चुका काढायला लागल्या. आम्ही म्हटलं, चला, आल्या एकदाच्या मूळपदावर. पहिल्यांदा गिरणीत जाऊन आल्या त्या संध्याकाळी मी चहा गाळत होते. सासरे मागच्या दाराशी येऊन उभे राहिले, नेहमीसारखे, हुकमाची वाट बघत. सासूबाई तिथेच बसून भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "आलात? या ना, चहा झालाय."

सासरे जागचे हलले नाहीत. एकदा बायकोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "आधी नळावर जाऊन येतो," आणि निघून गेले. त्या दिवशी पाण्याचा आवाज फार वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. "पोरी, तुझ्या सासूला वास येत नाहीये."

"बाबा, काहीतरीच काय."

"इतकी वर्षं माझी घाण वाटूनही तिने मला जवळ केलं. घाण न वाटता जवळ करायची वेळ कालच आली." ते हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "तिला विचारू नकोस. सांगायचं असेल तेव्हा सांगेल. तू फक्त गिरणीत तिच्याजवळ बस."

गिरणीत मी त्यांच्याजवळच बसायचे. फाटकी पोती दाभणाने शिवायचं काम लग्नानंतर मलाही तिथेच मिळालं होतं. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. पोत्यात चेहरा जात होता, श्वास घेतला जात होता, सगळं नेहमीसारखं. फक्त त्याआधी बोटं पोत्याच्या शिवणीवरून फिरत होती. कुठे मिठाचा खरखरीतपणा लागतोय का, कुठे खवला चिकटलाय का, काजूच्या तेलाने ताग काळवंडलाय का, हे बघत होत्या. पूर्वी हाताचं काम नाकाने व्हायचं, आता नाकाचं काम हाताने चाललं होतं. आणि एखादं पोतं हाताला काहीच सांगेनासं झालं की त्या ते थोडा वेळ मांडीवर ठेवून घ्यायच्या आणि मग उगीचच ठासून म्हणायच्या, "तांदूळ."

मला फार वाईट वाटलं. या बाईशी मी रोज भांडत होते, पण तिला चाचपडताना बघायची माझी तयारी नव्हती. नाकवाल्या काकूंचं नाक गेलं हे उघड झालं असतं तर कोणी त्यांना उपाशी मारलं नसतं. घरी बसा, आराम करा, म्हणाले असते. आणि तेच त्यांना नको होतं. त्या खोक्यावरून उठून त्या बसणार कुठे, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

म्हणून मग मी चोरून हुंगायला लागले. शिवायच्या निमित्ताने त्यांच्या ढिगातलं पोतं ओढायचं, दाभण ओवताना मान खाली घालायची आणि एक श्वास मारायचा. मासळी वाटली की पोतं माझ्या पाटाखाली. असं आमच्या घरात एक नाटक सुरू झालं. त्या वास येत असल्याचं नाटक करत होत्या, मी ते खरं मानल्याचं नाटक करत होते, आणि सासरे कोणी काही न सांगता रोज नळाखाली न्हात होते. आमचे हे एकटेच काही न कळता जेवत होते. आमच्या घरात पुरुषांना भूक लागली आहे इतकंच पटकन कळतं, सासरे सोडून.

माझं नाक काही फार कामाचं नव्हतं. ढळढळीत असेल ते कळायचं, लपलेलं कळायचं नाही. तरी बरेच दिवस निभावलं. मग एक दिवस समुद्रापलीकडचा एक घेणारा ठरला. एवढा मोठा माल गिरणीने कधी पाठवला नव्हता. पंचक्रोशीतला भात गिरणीच्या मालकांनी उचलला होता, शेतकरी ऐन कापणीपासून आशेला लागले होते. पोती कमी पडली, तेव्हा बारदानवाला ट्रक भरून घेऊन आला. पोती अशी स्वच्छ की बघत राहावं. ताग पांढराफटक, हाताला मऊ, कुठे मिठाचा कण नाही, खवला नाही, डाग नाही.

तोच तर घोळ होता. सासूबाईंची बोटं पोत्यावरून फिरली आणि रिकामी परत आली. त्यांनी चेहरा आत घातला, बाहेर काढला. दुसरं उचललं, तिसरं उचललं. मी माझ्या पाटावरून एक ओढून हुंगलं. धुण्याच्या सोड्याचा वास आला, आणि त्याच्या मागे काही आहे की नाही, देव जाणे. मालक घाम पुसत उभे होते. यंत्रं सुरू होती, तांदूळ पडत होता, ट्रकवाले बिड्या ओढत होते.

"काकू, भरायला घेऊ ना?" मालकांनी विचारलं.

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. इतके दिवस मी चोरून काय करत होते ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, हे मला त्या नजरेत कळलं. त्या मला विचारत होत्या. मी हळूच मान हलवली. मला कळत नाही.

'हो' म्हणून टाकणं अगदी सोपं होतं. पोती चांगली निघाली असती तर खोकं कायमचं त्यांचंच राहिलं असतं. वाईट निघाली असती तरी पोती कोणी भरली, कोणी शिवली, कोणी धुतली, यात दोष कुठल्या कुठे विरून गेला असता. त्या पोतं मांडीवर घेऊन बसल्या. मग नीट घडी घालून बाजूला ठेवलं.

"नका घेऊ," त्या म्हणाल्या.

बारदानवाला उसळला. "का म्हणून? नीट हुंगा तरी. अत्तर मारल्यासारखी पोती आहेत."

"हुंगून उपयोग नाही. मला वास येत नाही. त्या तापात नाक गेलं ते गेलंच."

मालकांचं तोंड उघडं राहिलं. बारदानवाला आधी हसला, मग म्हणाला, "नाक नाही तर बाई इथे बसतात कशाला?"

"तुझी पोती अडवायला," सासूबाई म्हणाल्या. नाक गेलं तरी जीभ शाबूत होती. मग मालकांना म्हणाल्या, "यंत्रातून आत्ता पडतोय तो कोमट तांदूळ एका पोत्यात भरा. तोंड बांधून थोडं थांबा. धुतलेलं पोतं थंड असतं तोवर गप्प असतं, ऊब लागली की बोलतं. मग हिला हुंगू द्या."

पोतं भरलं, बांधलं. मी त्यावर हात ठेवून उभी राहिले, तांदळाची ऊब हाताला लागत होती. थोड्या वेळाने सुतळी सोडली आणि मी चेहरा आत घातला. आधी सोडा. मग तांदूळ. आणि मग, अगदी तळातून, तो आला. मला ओळखायला काही शिकावं लागलं नाही. रोज संध्याकाळी मागच्या दारातून तो आमच्या स्वयंपाकघरात डोकावतो.

"मासळी," मी म्हणाले. मालकांनी मला बाजूला सारून स्वतः नाक घातलं आणि तोंड वाकडं करून मागे सरले. बारदानवाल्याने ट्रक वळवला तेव्हा त्याला कोणी निरोपही दिला नाही.

माल वाचला. संध्याकाळी मालक सासूबाईंजवळ आले आणि मऊ आवाजात म्हणाले, "काकू, फार मोठं काम केलंत. आता उद्या जरा घरीच थांबा. बघू." मालक वाईट माणूस नाही. पण 'बघू' या शब्दाचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो.

घरी सासरे न्हाऊन आत आले तसं सासूबाईंनी सांगून टाकलं, "अहो, मला वास येत नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा 'या' म्हणालीस तेव्हापासून."

"मग रोज नळावर कशाला जात होतात?"

सासरे खाली बसले. "म्हटलं, कधीतरी अचानक नाक परत यायचं आणि मी सापडायचो मळका. उगाच तुला त्रास."

सासूबाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "तुम्ही घरात आलात ते मला हल्ली कळत नाही," त्या म्हणाल्या. "वळून बघावं तेव्हा तुम्ही असता. आधी मला गल्लीच्या तोंडाशी कळायचं." सासरे जवळ सरकले. त्यांनी तिचा हात धरला आणि मी चहाचं आधण उगीचच पुन्हा ठेवलं.

सकाळी त्या नेहमीच्या वेळी आवरून बसल्या आणि तशाच बसून राहिल्या. मी एकटी गेले. मालकांनी मला खोक्याकडे बोट दाखवलं. मी बसले, पण बसून काय होतं? पोत्यात चेहरा घातला की वास यायचा, पुष्कळ यायचा, पण त्याचं नाव येईना. पूर्वी दुरून सोपं वाटायचं. एक पोतं गोडसर होतं आणि मागून कडू. हे तांदळात टाकावं की नाही? मी थोडा वेळ त्याच्याशी झटापट केली आणि मग ते काखेत मारून सरळ घरी गेले.

सासूबाई घासलेलीच भांडी परत घासत होत्या. "हे काय घरात आणलंस?"

"सांगा कसलं आहे."

"मला विचारतेस? अगं, मला काय कळणार?"

"वास मी घेते. गोड आहे, पण मागून कडू. आणि नाकात बसून राहतो, जात नाही."

त्यांनी हात पुसले. "तेलकट गोड की धान्यासारखं गोड?"

"तेलकट."

"खोबरं. जुनं. तांदळात चालणार नाही." त्यांनी पोतं हातात घेतलं, शिवणीवरून बोट फिरवलं. "आणि कडू आधी येतं की गोड?"

"गोड."

"मग खोबरंच. कडू आधी आलं असतं तर काजू." त्या भांडी तशीच टाकून उठल्या. "चल. इथे बसून पोती काय आपल्या पायांनी चालत येणार आहेत?"

आम्ही दोघी गोदामाच्या दारात पोचलो तेव्हा मालक तिथेच होते. सासूबाईंनी त्यांना विचारलं नाही, सरळ खोक्यावर बसल्या. मी बाजूला उभी. मी पोतं उघडायचे, हुंगायचे, काय काय येतंय ते सांगायचे, त्या एक-दोन प्रश्न विचारायच्या आणि नाव सांगायच्या. पहिल्यांदा फार वेळ लागला. माझ्याकडे वासांना शब्दच नव्हते. "ओल्या भिंतीसारखं" म्हणाले तर म्हणाल्या, "कोणत्या भिंतीसारखं, मातीच्या की चुन्याच्या?" भांडणही झालं एकदा. मालक बराच वेळ उभे राहून ऐकत होते, मग आत गेले आणि एका हमालाच्या हाती माझ्यासाठी बसायला दुसरं खोकं पाठवून दिलं.

दुपार कलताना एक पोतं आलं. मी चेहरा आत घातला आणि सांगायला लागले. "मीठ आहे. उन्हात तापलेली वाळू असते ना, तसं काहीतरी. जरा जुन्या दोरासारखं. आणि उग्र, पण..."

"पण काय?"

"पण घरचं वाटतं."

त्यांनी माझ्या हातातून पोतं घेतलं. मासळीचं होतं हे आता दोघींनाही कळलं होतं, नाव सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी ते लगेच टाकलं नाही. तोंड उघडून चेहरा आत घातला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"येतोय?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू अजून थोडं सांग."